भाऊजी, टायर बघताय म्हणे?

अहो भाऊजी, सकाळपासून बोलेरोला प्रदक्षिणा घालताय ते बघतेय मी. ताई म्हणाल्या, टायर घ्यायचेत. मग या की इकडे गडग्यापाशी. त्या वरच्या चिऱ्यावर हात टेकू नका, हललाय तो. पावसाच्या आत गवंड्याला बोलवू, खर्च निम्मा निम्मा.

हं, कुठले घेणार? एटी? ऑल टेरेन? आणि हे कुणी डोक्यात भरवलं? सरपंचांचे चिरंजीव. वाटलंच मला.

त्याची हकीकत तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे. गेल्या पावसाआधी त्याने बोलेरोला नुसते मोठे नाही, चिखलाचे टायर घातले, एमटी. मापही बदललं. आपल्या गाडीला कंपनीकडून येतो तो २१५/७५ आर १५, त्याने घातला २३५/७५. पहाटेच्या एसटीच्या आधी तो चिपळुणाला निघतो ना, हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज येतो. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी उठून अंगणात आल्या होत्या, मंत्रीबिंत्री आला की काय म्हणून. त्याची आजी तर आता गाडीत बसायलाच तयार नाही, म्हणते कान बधिर होतात.

आणि मिरवतो काय, तर गाडी उंच झाली. अहो, हिशेब करा की. पहिला आकडा रुंदीचा, मिलीमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या पंचाहत्तर टक्के टायरची भिंत. १५ म्हणजे रिम, इंचात. आपल्या मापाचं चाक उभं धरलं तर सत्तर सेंटीमीटर भरतं, त्याचं त्र्याहत्तर. म्हणजे वाढलं तीन, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, दीड सेंटीमीटर. त्या दीड सेंटीमीटरपायी स्टिअरिंग जड, डिझेल जास्त, आणि पुढची चाकं पूर्ण वळवली की आतल्या प्लास्टिकला घासतात. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३च्या पुढे असते, तेही त्याला चलन आल्यावर कळलं. उद्या कुठे ठोकलीबिकली तर विमेवाले फाटे फोडतील ते वेगळंच. कंपनीने नेमून दिलेल्या मापाबाहेरचा टायर म्हटलं की त्यांना आयतं कारण.

परशुराम घाटात काय झालं ते नाही ठाऊक? जूनमधली पहिली मोठी सर, काँक्रीट ओलं, उतार. पुढे ट्रकने ब्रेक मारला, ह्यानेही मारला आणि गाडी आडवी. कठड्याला लागता लागता राहिली. घरी सांगितलंय, जनावर आडवं आलं. कसलं जनावर! मागच्या टेम्पोत आमचा दूधवाला होता.

आता ऐका, माझा मुद्दा तोच आहे. आपल्याकडे जो तो चिखलाचं बोलतो. चिखलात फार तर गाडी अडकते. ट्रॅक्टर बोलवायचा, दोरखंड बांधायचा, ओढणाऱ्याला चहा पाजायचा. ओल्या काँक्रीटवर गाडी थांबली नाही तर चहा पाजायला कोण उरतंय? चिपळुणात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने रस्ता ओलाच. टायर घ्यायचा तो आधी ओल्या रस्त्याला धरेल असा, मग बाकीचं.

कारण सांगते. टायरवरचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद असल्या की रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं. चिखलात त्या फटींचाच उपयोग. चिखलात रुततात, चाक फिरलं की भरलेला चिखल बाहेर फेकतात, पुन्हा रुततात. पण काँक्रीटवर काय रुतणार? तिथे धरतं ते रबर, आणि तेच कमी. म्हणून एमटी आपल्याला नको. एचटी म्हणजे हमरस्त्याचा, नक्षी बारीक, आवाज नाही. एटी मधला. आणि एटीतही जात आहे बरं का. काही जवळपास एमटीसारखे उग्र दिसतात, काही सौम्य. ठोकळ्यांवर अगदी बारीक चिरा पाडलेल्या असतात, त्या बघा हात लावून. ओल्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर त्या चिरा फोडतात. ज्या टायरवर त्या भरपूर, तो आपला.

आमच्या ह्यांना विचारलं होतं, एटीच का हवा? तर म्हणे त्यावर पांढरी अक्षरं असतात, गाडी भारदस्त दिसते. घेतले. पहिल्या पावसात लाल मातीने अक्षरं तांबडी. आता दर रविवारी कपड्यांचा ब्रश घेऊन बसतात, साबण माझा. पण आम्हाला एटी लागतो, ते खरं. बागेची वाट चिरेखाणीवरून जाते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून उतरायचं म्हणजे जांभ्याच्या कडांवरूनच, आणि जांभा धारदार. साध्या टायरची भिंत तिथे कापली की संपलं. मधल्या नक्षीत खिळा गेला तर पंक्चर निघतं, भिंतीला कट गेला तर तो टायर फेकायचा, कितीही नवा असो. एटीत बऱ्याचदा भिंत जाड असते, खांद्यालाही रबर असतं. त्याचे पैसे मी दिले, अक्षरांचे नाही.

तुम्ही कुठे जाता सांगा. चिपळूण बाजार. बँक. ताईंच्या माहेरी कराडला, कुंभार्ली चढून. गणपतीत मुंबईहून पोराला आणायला, हायवेने. आणि बाग? घरामागेच, चालत! तुमची गाडी डांबर कधी सोडते? देवळाच्या जत्रेला, तेही माघात, कोरड्या कातळावर. भाऊजी, स्पष्ट बोलते, तुम्हाला चांगला एचटी पुरेल. तोंड पाडू नका. फारच हौस असेल तर सौम्यातला एटी घ्या, पण माप तेच, २१५/७५ आर १५. थोडा आवाज वाढेल, लिटरमागे थोडं कमी जाईल, तेवढं धरून चाला.

आणि एटी घातला म्हणून बोलेरोची पुढची चाकं ओढायला लागत नाहीत हं. आपली मागच्या चाकांवर चालणारी गाडी. ओल्या लाल उतारावर ती घसरायची तेव्हा घसरणारच, टायर कुठलाही असो. कराडच्या माझ्या भावाकडे थार आहे, फोर बाय फोर. तिची तऱ्हा निराळी. तिला दोन नवे, दोन गोटा झालेले असं चालत नाही, चारही चाकांचा घेर सारखा लागतो, नाहीतर फोर व्हीलला टाकली की आतल्या गिअरांवर ताण येतो. तुम्हाला दोन-दोन करून घेता येतील. दोनच घेतलेत तर नवे मागे घाला. हो, मागे! सगळे पुढे घालतात. ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी निदान ताब्यात येते. मागची सुटली की गरकन फिरते, मग स्टिअरिंग धरून देवाचं नाव घ्यायचं.

ब्रँड? ब्रँडवरून भांडायला आमच्याकडे हे आहेत. एमआरएफ वॉन्डरर, अपोलो ॲप्टेरा, सिएट क्रॉसड्राइव्ह, जेके रेंजर, योकोहामा जिओलँडर, बोलेरोच्या मापात हाताशी येण्याजोगं बरंच आहे. फक्त नावावर जाऊ नका. ॲप्टेरा म्हटलं की त्यात एचटीही येतो, एटीही. जिओलँडरात तर एमटीसुद्धा. दुकानात नुसतं नाव सांगितलंत तर जो पडून असेल तो बाहेर येईल. अक्षरं वाचून घ्या. आणि कुणी बीएफगुडरिचचं वेड घातलं असेल तर आधी किंमत विचारा. २०२०च्या जूनमध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीला परवाना लावला, तेव्हापासून बाहेरच्या मालाची मापं मिळताना नखरे आहेत.

किमतीवरून आठवलं. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दहा हजारांच्या टायरला आधी बारा हजार आठशे पडायचे, आता अकरा हजार आठशे. पाच टायरना पाच हजार वाचले. बिल पक्कं घ्या, त्यावर १८ लिहिलेलं बघा, आणि जुनं लेबल दाखवून गोड बोलायला लागला तर उठून या.

सगळ्यात महत्त्वाचं, तारीख. दुकानदार म्हणेल, वहिनी, कालच माल आलाय. कालच आला असेल हो, बनला कधी? टायरच्या भिंतीवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. ३१२५ असेल तर २०२५ सालचा ३१वा आठवडा. एका बाजूला सापडला नाही तर टायर उलटा करायला लावा. मी लावला होता. पोरगा कुरकुरला, उलटा केल्यावर दोन वर्षांपूर्वीचा निघाला. तो म्हणे, वापरलेला नाही ना! गोदामात पडून राहिला तरी रबराचं वय व्हायचं थांबतं का? वर्षाच्या आतला मागा आणि पाचही टायरांवरचे आकडे वाचा, एखादा म्हातारा मध्येच घुसवतात.

टायरच्या मापाला लागूनच आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, १०० एस वगैरे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ असेल तर ९२५. एस म्हणजे वेग, ताशी १८०. गाडीबरोबर जो आकडा आलाय त्याच्या खाली उतरायचं नाही, स्वस्त पडला तरी. मुंबईहून येताना तुमच्या गाडीत किती माणसं असतात ते आम्ही दरवर्षी मोजतो.

पाच का म्हणते? अहो, स्टेपनी! या, मागच्या दारापाशी बघा. कव्हर काढा. बघितलंत? नक्षी नवी कोरी आणि भिंतीला भेगाच भेगा. बोलेरोची स्टेपनी आयुष्यभर उन्हात लटकते, एकदाही रस्त्याला न लागता वाळते. हाताने दाबा, कडक लागतो ना? हा अंधारात कुंभार्लीत कामाला येणार? पाच घ्या, आणि दर दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट फिरवून लावा, म्हणजे पाचही सारखे झिजतील.

आताचे तुमचे टायर अजून चालतील म्हणता? बघू. नक्षीच्या फटीत तळाशी मधूनमधून छोटा उंचवटा असतो, खांद्यावर टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं तिथून सरळ आत बघा. ठोकळा झिजून त्या उंचवट्याला आला की १.६ मिलीमीटर उरलं, कायद्याने तिथेच संपलं. पण तिथवर थांबायचं ते कोरड्या मुलखात. आपल्याकडे तीनच्या आसपास आलं की बदलावा, पाणी बाहेर काढायला फट उरतच नाही. तुमचा हा डावीकडचा तर आतल्या बाजूने गोटाच झालाय, बाहेरून कळत नाही. अलाइनमेंट कधी केलंत शेवटचं? ते केल्याशिवाय नवे घातलेत तर तेही सहा महिन्यांत असेच होतील. आणि टायरबरोबर व्हॉल्व्हही नवे घालायला सांगा, चार पैशांची वस्तू, तिथे कंजुषी नको.

हवेचं सांगून टाकते. टायरवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्तचा, तो भरायचा नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला कंपनीचा कागद चिकटवलेला असतो किंवा पुस्तकात दिलेलं असतं, तो आकडा, आणि तोही सकाळी, टायर थंड असताना. पेट्या भरल्या की त्यात लिहिल्याप्रमाणे वाढवायची. सरपंचांचे चिरंजीव वाळूत फिरायला हवा कमी करतात आणि पुन्हा भरायचं विसरतात. तसल्या बसक्या टायरने हायवेला गेलं की भिंत तापते आणि टायर फुटू शकतो. आणि वाळू म्हणजे कुठली? समुद्राची! किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हा दाखल करतात, भरतीत अडकली ती वेगळी. नका हो त्याच्या नादी लागू.

जुने टायर दुकानात फुकट सोडून येऊ नका, एक्स्चेंजचं काहीतरी देतात, ते बिलातून वजा करून घ्या. घरी आणलेत तर माडाखाली उघडे टाकू नका. पहिल्या सरीत पाणी साचतं, डास होतात आणि आशाताई येऊन अख्ख्या वाडीसमोर डेंग्यूवर बोलतात. मागच्या वर्षी कुणाच्या अंगणात उभं राहून बोलल्या होत्या, ते ताईंना विचारा.