खेळायचे पैसे आणि खेळवायचे पैसे

महिन्याला पैसे भरण्याच्या बाबतीत मुंबईच्या उपनगरवासीयाला कुणी काही शिकवायला जाऊ नये. रेल्वेचा पास, घराचा हप्ता, सोसायटीचं मेंटेनन्स, वायफाय, दूधवाला, गाडी धुणारा, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उमेदीने भरलेली जिमची फी. फेब्रुवारीनंतर जिमचं दर्शन फक्त रिक्षातून जाता-येता होतं, पण त्याबद्दल त्याची तक्रार नसते. सोसायटीच्या बिलात ‘सिंकिंग फंड’ नावाची एक ओळ असते. ती कशासाठी आहे, हे विचारणारा वीर वार्षिक सभेत अजून उभा राहायचा आहे. समोसे येईपर्यंत सगळे गप्प बसतात आणि समोसे आल्यावर बोलायची गरज उरत नाही.

असा हा कर्णाचा अवतार एकाच ठिकाणी अडतो. ऑनलाइन खेळायला महिन्याला पाचशेच्या आसपास रुपये लागतील असं मुलाने सांगितलं, की कर्णाचा ऑडिटर होतो.

मुलुंड पूर्वेच्या एका टू बीएचकेमध्ये हे ऑडिट सध्या जोरात आहे. बाबांचा मुद्दा चोख आहे. “मशीन आपलं, टीव्ही आपला, वीज आपली, वायफाय आपलं, खेळणारा कार्टा आपला. मग हे पैसे कसले?”

हा प्रश्न मुलुंडात पोचायला उशीर झाला, एवढंच. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एक्सबॉक्स लाइव्ह काढून घरातल्या कन्सोलवरून परक्याशी खेळायचे पैसे घ्यायला सुरुवात केली. सोनीने प्लेस्टेशन ३वर हे सगळं फुकट ठेवून गिऱ्हाइकाला चटक लावली आणि २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आल्यावर हळूच हात पुढे केला. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४९,९९० रुपयांना. एवढे मोजूनही मावसभावाबरोबर फुटबॉल खेळायचा तर वर्गणी वेगळी. बाबांना यात अन्याय दिसतो. घर आपलं, कर्ज आपलं, तरी लिफ्टने वर जायचे पैसे सोसायटीला दर महिन्याला द्यावे लागतात, त्यात दिसत नाही. उलट मेंटेनन्स थकलं तर उपविधींप्रमाणे व्याज बसतं. सोनी बिचारी व्याज लावत नाही, नुसतं दार लावते.

वर्गणीचा खानदानी खेळ पाहायचा तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याचे महिन्याचे १४.९९ डॉलर होते, आजही तेवढेच आहेत. वीस वर्षं भाव न वाढवणारा दुकानदार आपल्याकडे असता तर त्याचा नागरी सत्कार झाला असता. मात्र तेव्हा त्या डॉलरांचे पावणेसातशे रुपये होत, आता तेराशेच्या वर होतात. भाव कंपनीने वाढवला नाही, आपल्या रुपयाने मनावर घेतलं.

या घरातलं आईचं म्हणणं अधिक व्यवहारी. “फुकटचे इतके खेळ आहेत, त्यातला एखादा खेळ ना.”

हे वाक्य ऐकलं की कुठेतरी कोरियात एखादा अकाउंटंट सुखाने कूस बदलत असेल. कारण फुकट खेळाएवढा महाग खेळ दुसरा नाही. पबजीचंच पाहा. २०१९ च्या सुरुवातीला ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की या खेळावर बंदी घाला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप बंद केली त्यात तो गेला, पण चीनशी बिनसलं म्हणून. मुलांच्या अभ्यासाशी त्याचा संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तोच खेळ बीजीएमआय नावाने बारसं करून परत आणला. वर्षभराने तो पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा प्रकटला. आपल्याकडच्या कुठल्याही आमदाराने हेवा करावा असा प्रवास.

२०२१ साली तो परतला तेव्हा मुलांच्या काळजीपोटी काही नियमही आले. अठरा वर्षांखालच्याने दिवसाला तीनच तास खेळावं. आणि दिवसाला जास्तीत जास्त सात हजार रुपये खर्च करावेत. पुन्हा वाचा. दिवसाला, सात हजार, जास्तीत जास्त. या लक्ष्मणरेषेच्या आत राहणाऱ्या गुणी बाळाचं महिन्याचं बिल दोन लाख दहा हजारांपर्यंत जाऊ शकतं, तेही फुकट खेळात. त्या पैशांत मिळतं काय, तर यूसी नावाची कवड्यांची पिशवी आणि बंदुकीला नवा रंग. गोळी पूर्वीच्याच वेगाने सुटते, समोरचा पूर्वीइतकाच मरतो. पण रंगीत बंदुकीने मरताना त्याला आपल्या घरच्या परिस्थितीची कल्पना येते.

आजी तर रोज फुकट खेळतात. नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीचा लूडो किंग हा त्यांचा खेळ. लॉकडाऊनमध्ये जडला तो सुटला नाही. घाटकोपरच्या बहिणीबरोबर दुपारी डाव पडतो. डाव संपला की जाहिरात, नवा मांडायचा तर जाहिरात. परवा त्यांनी बाबांना विचारलं, “हे क्रिप्टो म्हणजे काय रे? फार चांगलं असतं म्हणे.” पंचाहत्तरीच्या बाईला असले प्रश्न पडू लागणं, ही वर्गणी न भरल्याची किंमत.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण सदर लिहिणाऱ्याने त्यासाठी थांबू नये. महिन्याची वर्गणी मागणारा माणूस निदान दारात उभा राहून, आकडा सांगून मागतो. फुकटवाला आत येऊन सोफ्यावर बसतो आणि पाकीट कुठल्या खणात असतं ते पाहून ठेवतो.

चिरंजीवांनी तर थेट कायदा काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे खेळ बंद पडले. त्याच कायद्यात पैज नसलेल्या खेळाला वर्गणी घ्यायला मुभा आहे. “बघ बाबा, सरकारची परवानगी आहे. तुझी तेवढी बाकी आहे.”

बाबा एकदम गप्प झाले, कारण त्या कायद्याची झळ त्यांनाच बसली होती. अख्ख्या आयपीएलभर ४९-४९ रुपयांच्या टीमा त्यांनी ड्रीम इलेव्हनवर लावल्या होत्या. तो खेळ नव्हता, तो क्रिकेटचा अभ्यास होता. कायदा आला, कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव उतरलं आणि बाबांचा अभ्यास सुटला. गेलेल्या पैशांचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. तो आईने ठेवलाय.

शेवटी गाडी नीट मुद्द्यावर आली ती मावसभावामुळे. तो बोरिवलीला राहतो. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी आहेत, मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आडवं पसरलंय. बिबट्याला जमत असेल. माणसाने मुलुंडहून दादर गाठायचं, पूल ओलांडायचा, उलट्या गर्दीशी झुंजत पश्चिमेची गाडी पकडायची आणि बोरिवलीला उतरल्यावर मावशीकडे रिक्षा मिळते का बघायचं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे व्हायचे तेव्हा होतील. तोवर ही दोन पोरं रात्री साडेनऊला कानाला हेडफोन लावून एकमेकांना यथेच्छ शिव्या घालतात आणि एकमेकांच्या घरात आज काय शिजलंय तेही त्यांना ठाऊक असतं. मोठी माणसं मात्र गणपतीत भेटतात, आणि “येत जा रे” म्हणून निघतात.

बाबांनी पैसे भरले, पण भानगड तिथेच सुरू झाली. कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर २४ तास आधी कळवलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१ पासूनचा दंडक आहे. महिन्याने घाटकोपरहून अंधेरीला ऑफिसला जाताना मेट्रोत तो निरोप आला. असले निरोप आपल्याला नेहमीच येत असतात, या शंकेने बाबांनी मागचेही उघडले. फोटो साठवायची जागा, दोन ओटीटी, गाणी, आईचं योगाचं अ‍ॅप आणि ‘मन शांत ठेवा’ म्हणून रोज सकाळी सहाला दचकवून उठवणारं आणखी एक. मरोळ नाका येईपर्यंत त्यांचं मन पुरतं अशांत झालं होतं.

घरी येऊन काटकसरीची घोषणा झाली. ओटीटीला हात लावता येईना, कारण मालिका अर्धवट होती. योग आईचा, फोटो आठवणींचे, खेळ बोरिवलीचा. सर्वानुमते बंद झालं ते मराठी वर्तमानपत्र.

“मोबाइलवर फुकट वाचता येतं,” बाबा म्हणाले.

आजींनी लूडोतून मान वर केली. “आणि कपाटाच्या फळ्यांवर काय अंथरू? तुझा मोबाइल?”