नेटवर्कचे चित्र काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

स्विच-राउटरांना कोण कोणाला जोडले आहे ते विचारून नकाशा काढणारे पायथनचे साधन उभारण्याआधी तो नकाशा कोणाला हवा आहे, हे साधकाने मनाशी ठरवावे. नेटवर्क सांभाळणाऱ्याला रात्री दोन वाजता कुठला पोर्ट पडला तेवढे कळले की पुरते. नकाशा लागतो साहेबांना, तोही बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा पुढील विधीचे दैवत साहेब.

व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट आधी करावे. कारण विचारू नये, न करणाऱ्याला ते यथावकाश कळते. पिपने ग्राफव्हिज बसवले तरी हाती येते ते पायथनचे वेष्टन. प्रत्यक्ष रेषा ओढणारा ‘डॉट’ वेगळा बसवावा लागतो. त्याला वैतागलेले नेटवर्कएक्सच्या स्प्रिंग लेआउटकडे वळतात. त्याची सुरुवातच यदृच्छेने होते, म्हणून सीड दिला नाही तर काल मध्यभागी असलेला कोअर स्विच आज कोपऱ्यात सापडतो आणि साहेब विचारतात, “हा कोणी हलवला?” सीड द्यावा. वाद टळतो.

एवढे करून चित्र देखणे होते, खरे होत नाही. खरेपणा ठरतो तो उपकरणांच्या यादीवर, आणि यादी करण्याचा सर्वांना मनस्वी कंटाळा. यावर आक्षेप येतो की यादी कशाला, सीडीपी या प्रोटोकॉलने शेजारची उपकरणे आपली ओळख स्वतःच सांगतात. सांगतात खरे, पण कोणीतरी टेबलाखाली खुपसलेला स्वस्तातला स्विच सीडीपीचे संदेश निमूट पुढे ढकलतो. दोन्ही टोकांना वाटते आपण थेट जोडलेलो आहोत, आणि ज्याच्यामुळे सगळे अडते तोच चित्रातून गायब! उलट, शेजाऱ्याने डोमेनसकट नाव सांगितले आणि यादीत ते नुसते असले, तर एकाच स्विचचे दोन होतात. नावांचे शेपूट कापून सगळी अक्षरे लहान करावीत. रेषांना रहदारीप्रमाणे रंग देणाऱ्यांनी एसएनएमपीचा ३२ बिटी काउंटर घेऊ नये. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर तो सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, आणि दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याच्या पदरी कल्पनाविलास पडतो. ६४ बिटी घ्यावा.

दुसरा आक्षेप असा की लिब्रेएनएमएससारखी तयार साधने असताना हा खटाटोप कशाला? योग्य आहे, तयार घ्यावे. पण तेही त्याच शेजाऱ्यांना विचारते, म्हणून टेबलाखाली वाकण्याचे काम तुमच्याकडेच राहते. ते करणारा माणूस बहुतेक कार्यालयांत एकच असतो, नकाशा पाहून त्याला हसू येते, आणि त्याला बैठकीला कोणी बोलावत नाही. यादी त्याच्याकडून तपासून घ्यावी. रंग साहेबांना विचारावा.