पिवळ्या वायरीचे अण्णा

पाहुणा घरात आला की सोफ्यावर टेकतो, पाणी पितो, पावसाची चौकशी करतो. अण्णा चपला काढतात ते थेट टीव्हीच्या मागे जातात. भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत मोबाइलची बॅटरी मारतात आणि तिथूनच ओरडतात, "एव्हीचं भोक हाय की हो तुमच्याला! हल्ली देत न्हाईत कंपन्या." घरची बाई चहाचा कप घेऊन उभी, आणि तिला पाहुण्याची फक्त पाठ दिसते आहे.

असा एक अण्णा तालुक्याच्या प्रत्येक गावी असतोच. कळंबला असेल, उमरग्याला असेल, भूमला खव्याच्या भट्टीमागे असेल. आमचे अण्णा धाराशिवात सांजा रोडला राहतात. पन्नाशी जवळ आलेली, नोकरी कारकुनी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, पण त्यांच्या पत्र्याच्या डब्यांवर अजून 'उस्मानाबाद, वायरी, जुन्या' असंच लिहिलेलं आहे. या माणसाने आयुष्यात एकच ध्यास घेतला: जुना व्हिडिओ गेम कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडायचा.

जुना म्हणजे किती जुना? निन्टेन्डोने जपानात १९८३ साली फॅमिकॉम काढला. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी शिरल्या. लाखांच्या घरातला आकडा छापलेली पिवळी कॅसेट, आत तेच दहा-वीस गेम नावं बदलून. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, आणि बदकं मारायची बंदूक. पोरं मोठी झाली, पुण्याला कंपनीत लागली, गेमचे डबे माळ्यावर राहिले. दुसऱ्या बाजूला गावातले सायबर कॅफे मोबाइलने बसवले आणि त्यांचे मॉनिटर भंगारात निघाले. अण्णा या दोन्ही ठिकाणी वेळेवर हजर होते. घरात टीव्ही आहे, पण त्यावर मायचं कीर्तन चालतं, आणि कीर्तनात मारिओ घालायचं धारिष्ट्य अण्णांतसुद्धा नाही. तेव्हा उरला मॉनिटर.

आता तुम्ही म्हणाल, वायर घ्यायची आणि लावायची, त्यात ध्यास कसला? असं म्हणणाऱ्या माणसाला अण्णा आधी बसवतात आणि मग सोडत नाहीत. "डब्यातनं पिवळ्या वायरीनं चित्र येतं. सेकंदाला साडेपंधरा हजार ओळी, धरून चाला. आन् हा व्हीजीएचा मॉनिटर एकतीस हजाराच्या खाली बोलतच न्हाई! पिना जुळवताल तुमी, पत्रिका कोण जुळवणार?" ओळींचा हा वेग जुळला नाही तर काळ्या पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी इकडून तिकडे तरंगत राहते. ती पाटी अण्णांनी इतकी पाहिली आहे की फोनवर बाईने तेच शब्द उच्चारले तरी ते सवयीने वायर हलवायला उठतात.

बाजारात एक केबल मिळते. एका टोकाला पिवळी, लाल, पांढरी. दुसऱ्या टोकाला पंधरा पिनांचं निळं तोंड. दीड-दोनशे रुपये. मध्ये कसलंही सर्किट नाही, म्हणजे ओळींचा वेग बदलायला कुणी नाहीच; ती लावून चित्र येणं शक्य नाही. तरी विकली जाते, कारण दोन्ही टोकं दिसायला बरोबर आहेत. अण्णांनी तिच्यावर पैसे घातले, चिडले, आणि शेवटी तिने दारातली शेळी बांधली. उस्मानाबादी, काळीभोर. "ह्याच कामाची हाय ही," म्हणतात. शेळी दोरखंड खाते, तुळस खाते, पेपर खाते. त्या केबलला तोंड लावत नाही.

खरा इलाज म्हणजे मध्ये बसणारा डबा. आधी टीव्ही ट्यूनरची पेटी होती. ती मागे पिवळी वायर घ्यायची आणि पुढे व्हीजीए द्यायची. आता काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतो. अण्णांकडे दोन्हींचा साठा आहे. सोलापूरला लग्नाला गेले तरी येताना एक आणतात. पुण्याला गेले तर दगडूशेठचं दर्शन नंतर, आधी पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. यातला एकही कन्व्हर्टर त्यांना पसंत नाही. एकात रंग फिका, एकात आवाज येतो पण चित्र थरथरतं, एकात चित्र येतं पण दोन क्षण उशिरा, म्हणजे आपण बटण दाबतो आणि मारिओ खड्ड्यात पडून झाल्यावर उडी मारतो. रुंद मॉनिटरवर तर तो आडवा ताणला जातो. मूळ चित्र चारास तीन, पडदा सोळास नऊ. मी म्हटलं, "अण्णा, मारिओ फुगलाय." ते म्हणाले, "खात्यापित्या घरचा दिसायलाय, तुमचं काय गेलं?"

त्यांचं एकच कौतुकाचं पात्र आहे: सेगाचं ड्रीमकास्ट. "१९९८ ला काढलं. त्याची व्हीजीएची वायर लावली की सरळ मॉनिटरवर! मधी काई न्हाई! आन् २००१ ला बंद केलं." हे सांगताना त्यांचा आवाज बसतो. धाराशिवात ड्रीमकास्ट कुणी पाहिलेलं नाही. अण्णांनीही नाही.

त्यांचं काम बघायला मात्र बसावं. परवा कुणीतरी तेरहून एक डबा आणून दिला. अण्णांनी आधी तो कानाशी धरून हलवला, मग हुंगला. जळका वास नाही. मग अॅडॉप्टर उलटा करून त्यावरची बारीक खूण चष्मा कपाळावर चढवून वाचली. या जुन्या डब्यांपैकी कित्येकांची मधली पिन उणे असते, आजच्या बहुतेक अॅडॉप्टरची अधिक. न बघता खुपसलं की आत धूर. चार स्क्रू काढले. आत ७८०५ नंबरचा तीन पायांचा रेग्युलेटर, नऊ व्होल्टचे पाच करणारा, त्यावर बोट ठेवलं, "ताप न्हाई." कॅसेटच्या पितळी दातांवर स्पिरिटचा बोळा फिरवला. फुंकर मारणाऱ्या पोराला दटावलं, थुंकीने दात गंजतात म्हणून. पिवळी वायर, कन्व्हर्टर, मॉनिटर. मॉनिटरला स्पीकर नव्हता म्हणून आवाजाची वायर कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरला वेगळी. निळा पडदा. काळा. मग एकदम विटांची ती भिंत, तो पाइप, ती ओळखीची धून.

आणि अण्णांनी स्विच बंद केला.

हे मला कित्येक वर्षं कळत नव्हतं. ते खेळत नाहीत. कॉन्ट्राची पहिली पातळीसुद्धा त्यांनी ओलांडलेली नाही. तीस जीव मिळवायची बटणांची ती युक्ती, जी आमच्या पिढीला पाढ्यांच्या आधी पाठ होती, त्यांना ठाऊक नाही. चित्र आलं की त्यांचा रस संपतो. पुतण्याने एकदा मोबाइलवर तेच गेम, तेच आवाज, कुठल्याही वायरीशिवाय चालवून दाखवले. अण्णांनी मोबाइल हातात घेतला, उलटा केला, कडेला बघितलं, खाली बघितलं आणि परत दिला. "ह्याला काई जोडायचंच न्हाई," ते म्हणाले. एखाद्याने घरी जेवायला बोलवून ताट वाढलंच नाही अशा सुरात.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत पोरं जमली आणि बंदुकीचा हट्ट धरून बसली. अण्णांनी बंदूक जोडली. बदकं उडाली, पोरांनी घोडा ओढ ओढ ओढला, एक बदक पडेना. दर फेरीला गवतातून ते कुत्रं वर यायचं आणि तोंडावर पंजा धरून हसायचं.

"अण्णा, कुत्रं हसायलंय."

"हसू दे."

कारण साधं आहे, पण अण्णांना ते सांगायचं जिवावर आलं होतं. ती बंदूक गोळी मारत नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर बदक पडलं. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर हे जागच्या जागी घडतं. कन्व्हर्टरमधून सपाट मॉनिटरवर चौकोन उमटेपर्यंत बंदुकीने बघून घेतलेलं असतं, आणि तो उजेडही तिच्या ओळखीचा नसतो. अण्णांनी तीन कन्व्हर्टर बदलले. जुना जाडजूड व्हीजीए मॉनिटर आणला, त्याला तर काचेची ट्यूब होती, पण त्याच्या ओळींचा वेग दुप्पट. कुत्रं हसतच राहिलं.

शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "मायच्या पलंगाखाली चौदा इंची टीव्ही हाय की जुना. त्यालाच लावा."

अण्णा ताठ झाले. "टीव्हीला काय, कुणीबी लावतंय."

"मग कुणीबी लावा. पोरांना बदक तर मारू द्या."

टीव्ही ओढून काढला तो पुतण्याने. पिवळी वायर सरळ त्याच्या पिवळ्या भोकात. पहिल्याच घोड्याला बदक गिरक्या घेत खाली आलं आणि पोरांनी घर डोक्यावर घेतलं. अण्णा तेवढा वेळ शेळीला पाणी दाखवायला गेले होते. परत आले, उंबऱ्यात उभं राहून थोडा वेळ बघितलं, आणि पुतण्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्या टीव्हीतनं मॉनिटरला वायर काढता यील का रं?"