वेळापत्रकबापू

खानदेशात बापूंना तोटा नाही. बागायतदार बापू असतात, पुढारी बापू असतात, काहीही न करता नुसतेच बापू असलेलेही असतात. त्यात अलीकडे एक नवा वाण आला आहे: पोराला शाळेतून काढून घरी शिकवणारा बापू. नंदुरबार जिल्ह्यात हा वाण विरळा, एखाद-दुसराच आढळतो. पण आढळला की चहा संपेपर्यंत तुमची सुटका नाही.

ओळखायची खूण सोपी. बैठकीच्या खोलीत कुलदैवताच्या तसबिरीला जरा बाजूला सरकवून तिथे ड्रॉइंग पेपर डकवलेला असतो. त्यावर चार रंगांच्या स्केचपेनांनी आखलेली दिनचर्या. पहाटे 4.45 उठणे. 5.00 कोमट पाणी. 5.15 प्राणायाम. 5.40 सूर्यनमस्कार. 6.20 निसर्गनिरीक्षण. 10.10 ते 10.25 मुक्त खेळ. आणि त्या पंधरा मिनिटांत मुक्तपणे काय खेळायचं तेही खाली बारीक अक्षरात. कोपऱ्यात लाल शाईने ‘सुधारित’ असा शेरा. जुना कागद फाडलेला नसतो, त्यावरच नवा चिकटवलेला असतो. त्यामुळे हल्ली दिनचर्या भिंतीपासून बोटभर पुढे आली आहे.

“शाळेची घंटा मुलाला गुलाम करते,” बापू सांगत असतात. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलचा गजर होतो आणि बापू आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतात, “भूगोल!”

कोणी शंका काढली, तर बापूंकडे दाखले तयार. मुंबईची मालविका जोशी शाळा सोडून घरी शिकली आणि दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय 2016 मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली, हा पहिला. दुसरा जवळचा. आपल्याच जिल्ह्यात नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला नर्मदा बचाओ आंदोलनातल्या लोकांनी जीवनशाळा काढल्या, पोरांना त्यांच्याच बोलीतून शिकवलं. यावर शेजारचे नाना सुपारी कातरत म्हणतात, “बापू, तिथे शाळा कागदावर होती, गुरुजी येत नव्हते, म्हणून त्यांनी काढली. तुझ्या दारासमोर शाळा आहे, गुरुजी आहेत, आणि तुझंच पोरगं जात नाही.” बापू विषय बदलतात. “आणि परीक्षेचं म्हणाल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं!” पोरगं नऊ वर्षांचं आहे, पण फॉर्मची चौकशी करून झाली आहे.

दिनचर्येची खरी परीक्षा हिवाळ्यात. नंदुरबारची मिरची तेव्हा पथाऱ्यांवर वाळत पडलेली असते, आणि वाऱ्याला बापूंचं वेळापत्रक ठाऊक नसतं. सकाळी गच्चीवर बाप-लेक डोळे मिटून बसतात. उजवी नाकपुडी बंद, डाव्या नाकपुडीतून दीर्घ श्वास, आणि त्या श्वासासोबत अख्खा मिरची बाजार आत. पुढची दहा मिनिटं नुसता ठसका. बापू डोळे पुसत म्हणतात, “याने फुप्फुसं साफ होतात.” कागदावर त्या दिवशी प्राणायामापुढे बरोबरची खूण होते.

घरातली मोठी अडचण मात्र वेगळीच. बापूंच्या सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी डबा घेऊन त्या पाड्यावर जातात, घरोघर फिरून पोरांना शाळेत आणतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आई-बापांची पोरं परत आली का, हे बघतात. सहा ते चौदा वर्षांचं एकही मूल शाळेबाहेर राहू नये, असा कायदा. त्याची जबाबदारी त्यांच्यावर. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं तेव्हा त्यांनी रात्री स्वयंपाकघरात तक्ते पसरले. कारणांचा रकाना होता. एकापुढे स्थलांतर, एकापुढे वीटभट्टी, एकीपुढे धाकट्या भावंडाला सांभाळणं. शेवटी बाईंनी पेन टेकवून नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आपल्या घरापुढे काय लिहू? कारण : वडील?”

बापूंनी त्या रात्री दिनचर्या पुन्हा सुधारली.

आता मुख्य प्रश्न : पोराला सवयी लागल्या का? लागल्या, आणि चांगल्या लागल्या. फक्त त्यातली एकही कागदावरची नाही. पोरगं सहाला उठतं, कारण त्या वेळी आजी भाकरी थापायला घेते आणि पहिली भाकरी त्याची असते. तोंड धुतल्याशिवाय आजी ताटाला हात लावू देत नाही, म्हणून दातही घासले जातात. नळाला पाणी आलं की हंडे-कळशा भरायच्या, त्यात व्यायाम होतो. दुपारी मराठीचा तास रंगात आलेला असताना आजी आतून हाक मारते, “बेटा, आधी जेवी ले.” तास संपला. जेवणानंतर आजी आडवी होते, घर चिडीचूप होतं, आणि दुसरं काही करता येत नाही म्हणून पोरगं पुस्तक वाचतं. संध्याकाळी दिवा लागला की पाढे, कारण ते आजीलाही पाठ आहेत आणि ती चूक पकडते. रात्री आजी झोपली की तेही झोपतं. बापू मात्र उद्याचं वेळापत्रक आखत साडेबारापर्यंत जागे.

दत्तजयंतीला बापू त्याला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ‘शैक्षणिक सहली’ला घेऊन गेले. बापूंनी प्रश्नावली तयार केली होती. पोरगं ती खिशात घालून एका व्यापाऱ्याजवळ जाऊन बसलं आणि दातांवरून घोड्याचं वय कसं ओळखायचं ते शिकून आलं. परतल्यावर त्याने आधी आजीचे दात तपासले.

तर सांगायचं ते इतकंच. मुलाला वळण लागतं ते भिंतीवरच्या कागदामुळे नाही. घरातलं एक तरी माणूस रोज ठरल्या वेळी ठरलेलं काम न बोलता करत असतं, त्याच्यामुळे. मूल शाळेत जावो की घरी शिको. तुम्ही कधी बापूंकडे गेलात, तर वेळापत्रकाचं तोंडभरून कौतुक करा, माणूस भला आहे. पण जेवायला किती वाजता यायचं, ते आजीला विचारा.