वय सोयीप्रमाणे

आमच्या जिजीचं वय नक्की किती, हा प्रश्न तिच्या हयातीत कुणी सुटू दिला नाही, आणि तिने तर मुळीच नाही. जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. मुलं, सुना, नातवंडं, दूधवाला, पोस्टमन, सगळेच तिला जिजी म्हणत. कराडातल्या आमच्या जुन्या घरात तिने तीन पिढ्यांना ताटावर बसवलं आणि वेळप्रसंगी ताटावरून उठवलंही. एसटीत ती पंच्याऐंशीची असे, डॉक्टरांसमोर सत्तरीची, आणि भांडणात अख्ख्या पेठेपेक्षा थोरली. यातलं कुठलंही वय खोटं आहे असं म्हणायला कुणाकडे पुरावा नव्हता, हे तिचं मोठं भांडवल.

जन्माची नोंद नव्हती. तिच्या जन्माला साक्षीदार होती ती फक्त मानमोडी. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जी साथ आली तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला दुसऱ्या लाटेने गावंच्या गावं आडवी केली. ‘मानमोडी सरली अन् मी झाले, जोंधळा हुरड्यात हुता,’ एवढी जिजीची जबानी. यावर तिच्या थोरल्या जाऊबाईंची हरकत होती. मानमोडीत ही चांगली रांगत होती, असं त्या शपथेवर सांगत. जाऊबाईंचं माहेर दहा-बारा कोसांवर. एवढ्या लांबून त्यांना हिचं रांगणं कसं दिसलं, हे विचारायची त्या काळी सोय नव्हती. दोघींच्या हिशोबात फार तर वर्षा-दीड वर्षाचं अंतर. पण त्या अंतरावर दोघींनी चाळीस वर्षं अबोला, बोला आणि पुन्हा अबोला असा संसार केला.

माझ्या वडिलांच्या पिढीचं त्या मानाने बरं होतं. शाळेत घालताना मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, जन्मतारीख १ जून, बाकी वर. महाराष्ट्रातली त्या वयाची निम्मी माणसं १ जूनची आहेत ती अशी. आमच्या घरात चौघे भाऊ १ जूनचे. जिजीला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा ती म्हणाली, ‘चारी पोरं एकाच तारखंला, आन् ती बी पेरणीच्या तोंडावर? मला येवढी सवड कवा गावली?’

तिला स्वतःला शाळा लाभली नाही, त्यामुळे १ जूनही लाभला नाही. लाभलं ते लग्न. मुलीचं लग्न चौदाच्या आत करायचं नाही असा शारदा कायदा १९२९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. मधल्या काही महिन्यांत देशभर लग्नांची एकच झुंबड उडाली. कायदा यायच्या आत उरकून घ्या, म्हणून पाळण्यातल्या पोरींनाही मुंडावळ्या बांधल्या गेल्या. जिजी त्या गर्दीतली. लग्नात तिचं वय काय होतं? सुनांनी कामाची कुरकुर केली की ती नऊ वर्षांची असे, ‘नऊ वर्साची पोर मी, पहाटंपास्नं जात्यावर.’ आणि आजोबांना बायको कुणी निवडून दिली, असा विषय निघाला की तीच जिजी चौदाची होई, ‘मला समदं कळत हुतं, म्या बघूनच हो म्हणलं.’ एका लग्नात नवरी पाच वर्षांनी मागेपुढे होई. आजोबा दोन्ही वेळा मान डोलवत. एकूण संसार सुखाचा झाला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार यादीत तिचं वय प्रथमच सरकारी कागदावर आलं. त्या वेळी नवऱ्याचं किंवा स्वतःचं नाव सांगायचं नाही म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायका ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ एवढ्यावर राहिल्या आणि यादीतून गळल्या. जिजी गळणाऱ्यांतली नव्हती. तिने नाव सांगितलं, पण उखाण्यात. कारकुनाने आधी हात जोडले, मग नाव उतरवलं आणि वयाचा दुसरा उखाणा ऐकावा लागू नये म्हणून अंदाजाने अठ्ठावीस लिहून तो निघून गेला. पुढे दर यादीत हाच आकडा इमानाने वाढत राहिला. फोटोची ओळखपत्रं आली तेव्हा कुणीतरी वजाबाकी केली. कागदोपत्री जिजी आपल्या थोरल्या मुलापेक्षा, म्हणजे आमच्या तात्यांपेक्षा, बाराच वर्षांनी मोठी निघाली. तात्या हबकले. जिजी खूश झाली.

आता कुणाला वाटेल की बाईला हिशोब येत नसावा. बाईच्या हिशोबाची एक गोष्ट सांगतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. आता शंभर नये पैसे. काही वर्षं जुनी-नवी नाणी एकत्रच चालली आणि दोन्हींची सांगड घालायला सरकारने कोष्टक काढलं : एक आण्याचे ६ नये पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. शिकलेली माणसं कोष्टक हातात धरून डोकं खाजवत होती. जिजीने ते दुसऱ्याकडून एकदाच वाचून घेतलं आणि तिला दिसलं की एकेक आणा तीनदा दिला तर अठराच पैसे जातात, पण तीन आणे एकदम घेतले तर एकोणीस येतात. त्या दिवसापासून आमच्या म्हशीचं दूध तीन आण्यांच्या खाली मिळेनासं झालं. आणि वाण्याकडून तीन आण्यांचा बाजार आणायचा असला की माझ्या वडिलांना तीन खेपा : आधी आण्याची साखर, मग आण्याची चहापूड, मग आण्याचं जिरं. दर खेपेला मोजून सहा पैसे. वडिलांच्या पायात तेव्हा चपला नव्हत्या, म्हणून धंदा नफ्यात राहिला.

तिला सात मुलं झाली, पाच जगली. गेलेल्या दोघांची वयं मात्र ती कधीही, कुणापुढेही, एका दिवसाने बदलून सांगत नसे. एकाचं एक वर्ष चार महिने आणि दुसऱ्याचं अकरा दिवस. तिथे कुणी वाद घालत नसे.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, सव्वाचारच्या पुढे, कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरच्या बाजूला त्या रात्री दीडशेहून जास्त माणसं दगावली. कराडातही घरं हलली, भिंतींना भेगा गेल्या. जिजी नेहमीप्रमाणे उठून चुलीपाशी होती. फडताळातली भांडी खडाखडा खाली आली तेव्हा तिने वळूनही न पाहता आरोळी ठोकली, ‘कोण गं ती भांडी आपटतीया? काय राग आसंल तर तोंडानं बोल की!’ आरोप अर्थातच थोरल्या काकींवर होता. काकी त्या वेळी नव्या होत्या आणि माडीवर गाढ झोपलेल्या होत्या. पुढे जगभरचे शास्त्रज्ञ हा धक्का धरणाच्या पाण्यामुळे बसला की काय यावर वाद घालू लागले, पण आमच्या घरापुरतं काकींचं नाव पुरतं वगळलं गेलं असं मला कधी वाटलं नाही. ‘आत्याबाई, भूकंप होता हो तो,’ असं काकी वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. ‘आसंल,’ जिजी म्हणे, ‘पर भांडी कडंला कुणी ठिवली हुती?’

मोठा घोळ झाला तो सहस्रचंद्रदर्शनाचा. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की हा विधी करतात. वर्षाला बारा पौर्णिमा धरल्या तर हजारांना त्र्याऐंशी वर्षं चार महिने लागतील. पण अधिक महिने धरले की हा काळ ऐंशी वर्षं दहा महिन्यांच्या आसपास येतो. गुरुजींनी हे ओसरीवर बसून समजावलं. जिजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजी गुर्जी, मी आता त्र्याऐंशीची का ऐंशीची?’ गुरुजी म्हणाले, ‘आजी, ते तुम्ही सांगायचंय.’ इथे गुरुजी फसले. अखेर मानमोडी, हुरडा आणि कैलासवासी जाऊबाईंची हरकत यांचा मेळ घालून घरच्यांनी १९९९ सालची कोजागिरी मुक्रर केली.

ओवाळायला वर्षाला एक असे एक्क्याऐंशी दिवे लागतात. काकींनी कणकेचे दिवे केले ते नव्वद. वय वाढलं तर ऐनवेळी पळापळ नको! जिजीने तबकाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘दिवं मोजू नगा, तूप किती लागलं त्ये सांगा.’ मग गूळतुला. कराड म्हणजे गुळाची पेठ; अडत्याकडून मोठा काटा आला, ढेपा आल्या. तो गूळ नंतर गल्लीत वाटायचा होता. जिजी पारड्यात बसली. तीन ढेपांत पारडं हलेल असा सगळ्यांचा अंदाज होता, तर चार चढल्या तरी हलेना. सगळ्यांना तिच्या प्रकृतीचं कौतुक वाटलं. उतरताना पदरातून खलबत्त्याचा बत्ता, त्यापाठोपाठ दोन शेराचं जुनं लोखंडी माप आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर पडला. जिजी जराही ओशाळली नाही. ‘शेजारणी जास्ती झाल्या, मी कमी पडाय लागले,’ म्हणाली.

पुढे चारेक वर्षांनी डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितला, तेव्हा ‘आजून ऐंशी बी झाली न्हाईत, कशाला घाई,’ म्हणून ती अडून बसली. मग ते सहस्रचंद्रदर्शन? ‘त्ये तुमच्या हौसंपायी.’ त्याच महिन्यात एका लग्नात पलीकडच्या वाड्यातल्या म्हातारीने आपण अठ्ठ्याऐंशीच्या असल्याचं जाहीर केलं. जिजीने तिथल्या तिथे ब्याण्णव सांगितलं आणि पहिल्या पंगतीचा पाट मिळवला.

ती २०१४ साली गेली, आजार वगैरे काढला नाही. दाखल्यासाठी वय विचारलं तेव्हा तात्या ९५ म्हणाले, आत्या ९८ म्हणाली आणि वडील गप्प राहिले. लिहिणाऱ्याने मधला आकडा धरला. यादीप्रमाणे ती एक्क्याण्णवची होती, ते कुणी काढलंच नाही.

घरातलं ते स्थान चार-पाच वर्षं रिकामं होतं. तात्या वयाने बसत होते, पण त्यांना कुणी भीत नसे. हल्ली थोरल्या काकींनी कारभार हातात घेतलाय. काकी मॅट्रिक झालेल्या. त्यांची जन्मतारीख छापील आहे, ऑगस्ट १९४४, आणि ती १ जून नाही. तरीही मागच्या दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना त्यांनी आपलं वय पंच्याऐंशी सांगितलं. आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही. मॅट्रिकचा दाखला त्यांच्याच कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला.