वर्षं मोजून झाली असतील तर

जुन्या बँडचा नवा अल्बम आला की त्याच्या परीक्षणात दुसऱ्या ओळीला वर्षांचा हिशेब येतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकाही गाण्याचा पत्ता लागत नाही. याचा मला मनापासून राग येतो. इंडस क्रीडचा ‘इव्हॉल्व्ह’ २०१२ साली आला, तेव्हापासूनचा हा राग आहे. त्याआधीचा अल्बम १९९५चा, म्हणजे मध्ये १७ वर्षं गेली. एवढी वजाबाकी कुणालाही येते, त्यासाठी समीक्षक कशाला हवा?

समीक्षकाने सांगायचं ते वेगळंच होतं. १९९७ला फुटलेला हा मुंबईचा बँड २०१०मध्ये पुन्हा जुळला तेव्हा उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे तिघे जुने होते. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे आले. बास आणि ड्रम्स बदलले की बँडचा पायाच बदलतो. तोच गिटारवाला वेगळ्या जागी थांबायला लागतो, तोच गायक श्वास वेगळीकडे घेतो. मिक्सिंग टिम पामरचं होतं. त्यात गिटार पुढे आली की कीबोर्ड, जुन्या हार्ड रॉकमधलं काय उरलं आणि काय मुद्दाम सोडून दिलं, हे मला वाचायचं होतं. माझ्या हाती लागलेल्या परीक्षणांत मिळालं काय, तर ‘आवाजात अजून दम आहे’ आणि ‘वय जाणवत नाही’. वय का जाणवू नये? माणूस १७ वर्षं जगला असेल तर ते गाण्यात ऐकू यायलाच हवं.

आमच्या बेंगळुरूत हे वय मोजणं जास्त खटकतं. इथे चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीचा संगीतोत्सव भरतो. तिथे सत्तरीच्या विद्वानांचा आवाज वरच्या षड्जाला थरथरला तरी रसिक मांडीवर ताल धरून बसतात, कारण रागात पुढे काय येतंय याकडे त्यांचं लक्ष असतं. त्याच शहरात रॉकवाला पन्नाशीला आला की त्याचे केस मोजतात.

श्रोतेही काही कमी नाहीत. इथल्या एका कार्यक्रमात गायकाने ‘आता नवीन गाणं’ एवढं म्हणायचा अवकाश, माझ्या पुढची अख्खी रांग बिअर आणायला उठली. परत आली ती ग्लास सांडत, मधल्या सोलोत बोलत, आणि गाणं संपताच एकाने नव्वदच्या दशकातल्या गाण्याची फर्माईश ओरडून केली. शेजारचा मला म्हणाला, ‘सर, जुनं तेच खरं.’ त्याने नवं एक मिनिटही ऐकलेलं नव्हतं.

हे इंडस क्रीडच्या वाट्याला यावं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. १९८४ला रॉक मशीन या नावाने सुरू झाले तेव्हा तेही इतरांसारखी परदेशी गाणीच वाजवायचे. पुढे त्यांनी ते सोडलं आणि स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले. १९८८चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ त्यातूनच आला. कॉलेजच्या पोरांना ऐकायची होती ओळखीची गाणी, आणि यांनी त्यांना अनोळखी ऐकायची सवय लावली. आता त्यांनाच स्वतःच्या जुन्या गाण्यांची नक्कल करायला सांगायचं? १९९६पासून स्वतःचंच वाजवण्यावर ठाम राहिलेल्या थर्मल अँड अ क्वार्टर या बँडच्या शहराने, बेंगळुरूने, तरी हे करू नये.

संपादकांना माझी साधी मागणी आहे. अशा अल्बमचं परीक्षण आलं की पहिल्या परिच्छेदात ड्रम्सबद्दल दोन वाक्यं आहेत का ते बघा. नसतील तर लेख परत पाठवा. मधली वर्षं छापायचीच असतील तर खाली, किमतीच्या शेजारी छापा.