जागा सोडण्याचा अर्ज

मांडवीत बोट ठेवायचा विचार असेल, तर ती शक्यतो चालणारी नसावी. चालत्या बोटीला आपल्याकडे जागा मिळत नाही. अडकलेल्या, रुतलेल्या, गंजलेल्या आणि 'लवकरच हलवण्यात येणार' असलेल्या बोटींची मात्र चोख व्यवस्था आहे. 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज जून 2000 मध्ये कांदोळीच्या वाळूत रुतलं आणि पुढची दहाहून अधिक वर्षं तिथून हललं नाही. त्याच्यावर चर्चा झाल्या, निविदा निघाल्या, पर्यटकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. जागेचं भाडं भरा, असं त्याला कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. जुलै 2017 मध्ये एक कॅसिनो जहाज ऐन पावसाळ्यात मांडवीत यायला निघालं आणि मिरामारला किनाऱ्याला लागलं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा खनिजाच्या बार्जेस जिथे होत्या तिथेच थांबल्या. त्यातल्या कितीतरी वर्षानुवर्षं तशाच गंजत राहिल्या.

आणि मग पणजीसमोरची ती झगमगणारी मंडळी. 1996 च्या कायदादुरुस्तीने जहाजावरच्या जुगाराला वाट मोकळी करून दिली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र असावा. जहाजांच्या डोळ्यांसमोर मात्र पणजी होती, त्यामुळे ती पणजीसमोर येऊन थांबली. तेव्हापासून ती जाण्याच्या तयारीत आहेत. कधी आग्वादच्या खाडीत जायचं ठरतं, कधी शापोऱ्याला, कधी मोपाजवळ थेट जमिनीवर. विरोधात असताना मशाली पेटवायच्या आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढीवर सही करायची, या एका कामात सगळ्या पक्षांचा हात सारखाच बसला आहे. पर्यायी जागा मिळेपर्यंत सहा महिने. मिळाली नाही? मग आणखी सहा महिने. वर्षाला कोट्यवधींचं शुल्क भरणाऱ्या पाहुण्याला 'कधी जाताय?' असं विचारणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

हे सगळं आमच्या एका तारवटी स्नेह्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. उभा जन्म त्यांनी परक्यांची जहाजं हाकली. निवृत्त झाल्यावर हौसेने सव्वीस फुटांची एक जुनी शिडाची बोट घेतली. फ्लॅट घेणारा माणूस आधी पार्किंग विचारतो. बोट घेणारा आधी शिडाचा रंग विचारतो.

त्यांना हवं होतं तरी काय? नदीच्या तळाशी काँक्रीटचा एक ठोकळा, त्याला साखळी, साखळीच्या टोकाला बोया, बोयाला बोट. परवडावं म्हणून ठोकळाही त्यांनी घरीच केला. ट्रॅक्टरचा जुना टायर अंगणात आडवा घातला, मधोमध लोखंडी कडी उभी केली आणि वरून काँक्रीट ओतलं. साखळी मुरगावच्या एका भंगारवाल्याकडून आणली. ती त्यांनी कडी-कडी करून पायरीवर बसून तपासली, कारण साखळी झिजते ती वर दिसते तिथे नव्हे. तळाशी, जिथे ती भरती-ओहोटीला चिखलावरून रात्रंदिवस घासत राहते तिथे. काकू म्हणाल्या, 'माझ्या मंगळसूत्राकडे एवढं निरखून बघितलं नाही कधी.' ठोकळा तयार झाला, साखळी तयार झाली, बोया केशरी रंगवून झाला. आता फक्त तो टाकायची परवानगी तेवढी आणायची होती.

खातं कुठलं ते विचारू नका, कारण ते बरेच दिवस त्यांनाही कळलं नाही. मांडवी 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 68 झाली आहे, म्हणजे ती दिल्लीची. बंदर कप्तान राज्याचे. काठावर सीआरझेड. पलीकडे वेऱ्याला नौदल. मधून फेरीबोटी आणि कॅसिनोच्या लाँचेस. एवढ्या सगळ्यांच्या नदीत एक टायर टाकायचा म्हणजे थट्टा नाही. शेवटी एका खिडकीत एक छापील अर्ज मिळाला. त्यात 'व्यापलेलं क्षेत्रफळ, चौ. मी.' असा रकाना होता आणि आमच्या स्नेह्यांनी तो प्रामाणिकपणे भरला. इथेच घात झाला.

गणित साधं आहे. भरतीला पाणी चार मीटर, साखळी त्याच्या तिप्पट म्हणजे बारा, बोट आठ मीटर. बोट वीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरणार. त्यांनी लिहिलं: 1,256.

'पणजीत? बाराशे छप्पन्न मीटर?' खिडकीतले गृहस्थ अर्धवट उठलेच. 'बंगला बांधताय की हॉटेल?'

'अहो, बोट सगळी जागा एकदम व्यापत नाही. पाणी फिरलं की ती फिरते. शेजारची बोटही तेव्हाच, त्याच बाजूला फिरते. वर्तुळं एकमेकांत गेली तरी चालतं.'

'एकमेकांत गेलेली जागा आम्हाला चालत नाही. चतुःसीमा लिहा.'

त्यांनी लिहिली. पूर्वेस ओहोटी, पश्चिमेस भरती. ती खोडायला लावली. पुढचा रकाना प्रवासी क्षमतेचा: चार, त्यातल्या एकीला बोट लागते. अपेक्षित वार्षिक उत्पन्न: शून्य. त्यावर मात्र गृहस्थ खरोखर कळवळले. 'काका, उत्पन्न नाही तर तुम्हाला नदी कशाला हवी?'

मग पर्यायांचा शोध सुरू झाला. मालीमच्या जेटीवर गेले ते नेमके जूनमध्ये, म्हणजे मासेमारीबंदीत. सगळे ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले. एकाच्या डेकवरून दुसऱ्याच्या डेकवर चालत जावं इतके. तिथल्या खलाशाने जाळ्यातून मान वर न काढता सांगितलं, 'पात्रांव, हांगा जागो ना.' त्याचं बरोबर होतं. जेटी त्याच्या पोटाची आहे, ह्यांच्या हौसेची नाही. नदीत वर, चोडण-दिवाडीच्या बाजूला जावं म्हटलं, तर आधी डोलकाठी मोजा, मग पूल मोजा, मग नदीवरून गेलेल्या विजेच्या तारा मोजा. शिवाय तिथल्या आडखाड्यांत ओहोटीला पाणी निघून जातं. खाली खोल कणा असलेली बोट मग चिखलात म्हशीसारखी कुशीवर लवंडते आणि पुढची भरती येईपर्यंत उठत नाही. खारफुटीला दोर बांधायचा विचारही करू नये. ज्या राज्यात डोंगर कापता येतात, त्या राज्यात खारफुटीच्या बाबतीत लहान माणसाला कायदा फार कडक असतो.

मरिना? नावशीला मरिना व्हायची म्हणून किती वर्षं वाद पेटला, ते वाचकांना आठवत असेल. तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला आणि योग्यच केला. झाली असती तरी आमच्या स्नेह्यांना ती परवडली नसती. मरिना बोटीसाठी नसते, बोटीकडे बघत जेवणाऱ्यांसाठी असते. कोचीला बोलगाट्टीला 2010 पासून एक आहे. बोट तिथे ठेवावी आणि दर शनिवारी मडगावहून गाडी पकडावी, असं एका हितचिंतकाने सुचवलं. त्याला काकूंनी चहा दिला नाही.

गंमत अशी, की शिडाच्या बोटी या नदीला परक्या मुळीच नाहीत. 'म्हादेई' इथेच बांधली, दिवाडीच्या रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. त्याच बोटीतून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. त्याच यार्डातली 'तारिणी' सहा नौदल अधिकारी महिलांना घेऊन सप्टेंबर 2017 मध्ये इथूनच निघाली आणि मे 2018 मध्ये इथेच परतली. तेव्हा पाटो ते कांपाल आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती. केप हॉर्नला वळसा घालणारी बोट आपण बांधू शकतो. पणजीच्या माणसाला रविवारी आग्वादपर्यंत जाऊन यायचं असेल तर त्याने टीव्ही बघावा.

आमचे स्नेही खचले होते. त्यांना म्हटलं, तुमची मागणीच चुकते आहे. या नदीत जागा मागणाऱ्याला जागा मिळत नाही. जाण्याचं कबूल करणाऱ्याला मिळते. घ्या कागद. 'विषय: मांडवी नदीतून बोट स्थलांतरित करण्याबाबत. महोदय, जनभावनेचा आदर राखून मी माझी बोट नदीतून हलवण्यास तत्त्वतः तयार आहे. तथापि योग्य पर्यायी जागा निश्चित होईपर्यंत ती आहे तिथे ठेवण्यास अनुमती मिळावी.'

'पण बोट नदीत नाहीच आहे,' ते म्हणाले. 'अंगणात आहे, ताडपत्रीखाली.'

'तसं कुठे लिहिलंय?'

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी विषय वाचला, तथापिपर्यंत आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं. क्षेत्रफळ विचारलं नाही, चतुःसीमा विचारल्या नाहीत. शिक्का मारला, पोच दिली आणि खिडकीतून बाहेर वाकून म्हणाले, 'काका, तारीख तेवढी लक्षात ठेवा. सहा महिन्यांनी यायचं, मुदतवाढीला.'